पोर्तुगालची पहिली सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपची पहिली वारी ठरवताना आपल्याकडे आधी स्वित्झर्लंड, पॅरिस आणि रोम ही नावं निघतात. पोर्तुगालबद्दल विचारणारे अजून थोडे आहेत, पण त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. म्हणून ते उत्तरांसकट इथे एकत्र केले आहेत.

पहिल्याच खेपेला पोर्तुगाल का? पॅरिस, स्वित्झर्लंड आधी नको का?

सोयीची कारणं आहेतच. देश लहान आहे, लिस्बनहून पोर्तोला वेगवान रेल्वेनं तीन तासांच्या आसपास पोचता येतं आणि पश्चिम युरोपच्या मानानं खर्च आटोक्यात राहतो. लोक सौम्य आहेत, आणि शहरांत इंग्रजीवर काम भागतं.

माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात मराठी आणि गोव्याच्या माणसाला स्वतःचा इतिहास इतक्या जागी भेटत नाही, ब्रिटन सोडलं तर. गोव्यावर १५१० ते १९६१ अशी ४५१ वर्षं पोर्तुगीजांची सत्ता होती. वसई त्यांच्याकडे १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत होती. वसईच्या चर्चमधल्या घंटा आज महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत वाजतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आपण पाहिलेली असते. त्या गोष्टीची दुसरी बाजू लिस्बनमध्ये आहे. ती पाहायला जायचं असेल, तर हा देश पहिल्याच खेपेला निवडावा.

किती दिवस हवेत आणि ते कसे वाटायचे?

नऊ-दहा दिवस हवेत. लिस्बनला चार-पाच रात्री, कोइंब्राला एक आणि पोर्तोला तीन. लिस्बनच्या मुक्कामातला एक दिवस सिंत्राला द्या आणि एक पेनिश-ओबिदुश किंवा एव्होरा यांपैकी एकाला. पोर्तोतून एक दिवस दोउरो नदीच्या खोऱ्यात जा.

दक्षिणेचा आल्गार्व्ह किनारा पहिल्या खेपेत मी गाळते. लागोसजवळचे पोंता दा पिएदादेचे पिवळे कडे सुंदर आहेत, यात शंका नाही. पण कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसानं दहातले तीन दिवस समुद्रासाठी खर्च करावेत असं मला वाटत नाही, शिवाय ते पाणी थंड असतं. मदैरा आणि अझोर्स ही बेटं तर वेगळ्या सहलीचा विषय. स्पेनही जोडून घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. दहा दिवसांत नको. बॅगा भरण्या-उपसण्यातच सुट्टी संपते.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत जात असाल तर उत्तमच: दिवस मोठा असतो, ऊन सोसवतं आणि मेच्या अखेरीस लिस्बनच्या रस्त्यांवर जॅकारंडा जांभळा फुललेला असतो. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत अँथनीचा उत्सव असतो, गल्लीगल्लीत शेगड्यांवर सार्डिन भाजत असतात. पोर्तोत २३ जूनच्या रात्री साओ जुआंव. त्या रात्री ओळखपाळख नसलेले लोक प्लास्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हलकेच टपल्या मारत फिरतात. मुलं बरोबर असतील तर ही रात्र चुकवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही चढतात, आणि आतल्या भागात, एव्होराकडे, पारा चाळिशी ओलांडतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर गर्दी कमी मिळेल, पण छत्री लागेल, पोर्तोत तर नक्कीच.

व्हिसाचं काय? तो अवघड असतो का?

शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याचशा देशांना चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तो लवकरात लवकर करा. नियमाप्रमाणे निर्णयाला १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर अर्जाची वेळ मिळवणं हेच मोठं काम होऊन बसतं. फी प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५ युरो. त्याहून लहानांना फी नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं पडतं. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, राहण्याचं आरक्षण, परतीचं तिकीट, बँकेचे उतारे आणि नोकरी-धंद्याची कागदपत्रं जोडावी लागतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने वैध हवा आणि तो दहा वर्षांहून जुना नसावा.

दोन देश जोडत असाल तर ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. लवकर तारीख मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करणं आणि त्यासाठी खोटी आरक्षणं दाखवणं, हे अजिबात करू नका. पुढच्या प्रत्येक अर्जात ते आड येऊ शकतं.

विमान थेट मिळतं का?

मुंबईहून जाताना दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलावं लागतं. फ्रँकफर्टसारख्या शेंगेन शहरात बदललंत, तर इमिग्रेशन तिथेच होतं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे रांगेला वेळ लागतो, आणि मधला अवधी तीन तासांहून कमी ठेवू नये. पोर्तुगालचं घड्याळ आपल्या मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच.

लिस्बनमध्ये काय पाहायचं?

सुरुवात नदीकाठच्या बेलें भागापासून करा. १४९७ मध्ये वास्को द गामाची गलबतं इथूनच निघाली आणि पुढच्या वर्षी कालिकतला लागली. तिथला जेरोनिमोस मठ १५०१ मध्ये बांधायला घेतला, आणि त्याचा खर्च मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के करातून निघाला. म्हणजे मिरी आणि मसाल्यांतून. खांबांवर दोरखंड, प्रवाळ आणि समुद्री वेली कोरल्या आहेत. चर्चमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला वास्कोची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला, तिथेच पुरला गेला आणि पंधरा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. बहुतेक लोक तिथे फोटो काढून मागे फिरतात. तुम्ही सरळ वेदीपर्यंत जा. तिथल्या राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत, सोंडा, सुळे सगळं असलेल्या हत्तींच्या. आपला देश त्या राजांना कसा दिसत होता, हे त्या चर्चमध्ये मला सगळ्यात स्पष्ट तिथे दिसलं.

मठ सोमवारी बंद असतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि दार उघडायच्या वेळेला हजर राहा.

शहराच्या मधल्या भागाला बाइशा म्हणतात. तिथले रस्ते सरळ आणि काटकोनात आहेत, कारण १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, त्यानंतरच्या लाटांत आणि आगीत जुनं शहर गेलं आणि तेव्हाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्क्विसनं ते नव्यानं आखून घेतलं. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता, चर्च भरलेली होती. चढावर कार्मोचा मठ आहे. त्याचं छप्पर तेव्हा कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही; कमानी तशाच उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. वेळ कमी असेल तर टेकडीवरचा साओ जोर्जे किल्ला सोडा, पण कार्मो पाहा.

आल्फामा ही जुनी वस्ती भूकंपातून बऱ्यापैकी बचावली. तिथे नकाशा पिशवीत टाकून नुसतं भटकायचं. भिंतीवरच्या रंगीत फरशांचं राष्ट्रीय संग्रहालयही मला फार प्रिय आहे. भूकंपाआधीचं लिस्बन दाखवणारा सुमारे २३ मीटर लांबीचा निळा-पांढरा फरशीपट तिथे आहे. दुरुस्तीसाठी अशा जागा महिनोन्महिने बंद राहतात, तेव्हा निघण्यापूर्वी चालू आहे ना ते बघून घ्या. उतारावर तारेनं ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर गाड्यांचंही तसंच. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया गाडीला भीषण अपघात होऊन १६ जणांचे जीव गेले, तेव्हा जुन्या गाइडबुकावर विसंबून बेत आखू नका.

आपल्या इतिहासाशी जोडलेल्या जागा कोणत्या?

हा प्रश्न खूप कमी लोक विचारतात आणि तो सगळ्यांनी विचारायला हवा.

मुंबईकरांनी लिस्बनच्या साओ व्हिसेंत दे फोरा या मठात जावं. पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याच्या समाधी तिथे आहेत, त्यांत राणी कॅथरीनचीही. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, ती हिच्याबरोबर. जागा शांत आहे, आणि गच्चीवरून तेजो नदी लांबवर दिसते.

गोव्याच्या वाचकांसाठी केलुझचा राजवाडा. तो सिंत्राच्या रेल्वेमार्गावरच आहे. कांदोळीला जन्मलेले, पुढे संमोहनविद्येसाठी गाजलेले पाद्री आबे फारिया तरुणपणी तिथल्या राजघराण्यासमोर प्रवचनाला उभे राहिले आणि घाबरून गप्प झाले, तेव्हा वडिलांनी कोकणीतून 'कातर रे भाजी', म्हणजे भाजी काप रे, असं कुजबुजून धीर दिला, अशी आख्यायिका आहे. गोव्यात ती शाळकरी मुलांनाही पाठ असते.

आणि पेनिश. लिस्बनच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या भूशिरावरचं हे मच्छीमारांचं गाव. सर्फिंगसाठी जगभरातून लोक येतात. त्यांच्या वाटेवरच एक किल्ला आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १८ जून १९४६ रोजी मडगावला राममनोहर लोहियांच्या सभेनंतर गोव्यात जी चळवळ पेटली, तिच्यातल्या पुढाऱ्यांना लष्करी न्यायालयानं शिक्षा देऊन इथे आणून टाकलं. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून ज्यांना ओळखतात ते त्रिश्तांव ब्रागांझा कुन्हा त्यांतले एक, शिक्षा आठ वर्षांची. आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते एप्रिल २०२४ मध्ये पूर्णपणे खुलं झालं. कोठड्या, भेटीची खोली, बाहेर अटलांटिकच्या लाटा. त्या राजवटीनं स्वतःच्या देशातल्या विरोधकांनाही याच तुरुंगात डांबलं होतं. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर ते सुटले. गोव्याचे आणि पोर्तुगालचे स्वातंत्र्यवेडे एकाच भिंतीआड होते, हे पाहिल्यावर पोर्तुगीज या शब्दाआड किती वेगवेगळी माणसं आहेत ते लक्षात येतं. निदान मला तरी तिथे गेल्यावर या देशाकडे नीट पाहता आलं. पेनिशला लिस्बनहून बस आहे. वाटेत तटबंदीचं ओबिदुश गाव करता येतं.

सिंत्रा एका दिवसात होतं का?

होतं, पण दोन जागा धरा, पाच नाही. लिस्बनच्या रोसियु स्टेशनवरून लोकल गाडीनं सुमारे चाळीस मिनिटं. लाल-पिवळा पेना राजवाडा आणि किंता दा रेगालेइरा या दोन जागा घ्या. रेगालेइरात जमिनीखाली गोल जिना उतरत जाणारी सुमारे २७ मीटर खोल विहीर आहे. तिच्यात पाणी कधी नव्हतंच, ती गूढ विधींच्या कल्पनेतून बांधली.

पेनाच्या तिकिटावरची वेळ ही राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून चढत जायला अर्धा तास लागतो. हे माहीत नसल्यामुळे रोज कितीतरी जणांची वेळ हुकते. खाली लिस्बनमध्ये कडक ऊन असलं तरी सिंत्राच्या डोंगरावर धुकं असू शकतं, स्वेटर जवळ ठेवा. दुपारनंतर जमलं तर बसनं काबो दा रोकाला जा, युरोपच्या मुख्य भूमीचं ते पश्चिम टोक.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

नाही, पण विचारून खावं लागतं. खारवलेला कॉड मासा, सार्डिन आणि डुकराचं मांस हा तिथल्या जेवणाचा कणा. काल्दो व्हेर्द हे पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्यात सॉसेजचा तुकडा असतो. 'सेंय कार्ने, सेंय पेइश', म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करून जा. पेइशिन्योस दा ओर्ता नावाचा पदार्थ मेन्यूवर दिसला तर जरूर मागवा: पिठात बुडवून तळलेली फरसबी, आपली भजीच. तिथल्या कॅफेंमध्ये काचेआड सामोसे दिसतात, त्यांना शामुसा म्हणतात आणि ते भारतातूनच तिकडे गेले. पण आत बहुधा मांस असतं, तेव्हा हरखून लगेच घेऊ नका.

लिस्बनच्या लुमियार भागात राधा-कृष्णाचं मंदिर आहे, तिथल्या हिंदू समाजात गुजराती कुटुंबं बरीच, मोझांबिकमार्गे आलेली. त्यांच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं. चार दिवसांच्या पाव-चीजनंतर वरण-भाताची आठवण झाली तर तिकडे जा.

अंडं चालत असेल तर पास्तेल दे नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा छोटा गोड टार्ट, रोज खा. बेलेंच्या १८३७ पासूनच्या दुकानात रांग असते, पण आत बसायला भरपूर जागा आहे. वर दालचिनी भुरभुरून गरमच खायचा.

मासे खाणाऱ्यांना काही सांगायची गरज नाही. कोळशावर भाजलेला मासा, मीठ, ऑलिव्ह तेल, बस्स. मसाला शोधू नका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी. बसल्याबसल्या वेटर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतो. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कुणी वाईट मानत नाही.

आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. लिस्बन झेपेल?

झेपेल, पण हॉटेल कुठे घेता त्यावर सगळं अवलंबून आहे. आल्फामातली घरं फोटोत गोड दिसतात आणि बॅगा घेऊन तिथे पोचताना जीव जातो. बाइशात किंवा आव्हेनिदा दा लिबेरदादेच्या सपाट बाजूला, मेट्रोजवळ राहा. फुटपाथ लहान चुनखडीच्या दगडांचे असतात, वापरून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की फारच निसरडे. पकड असलेले बूट हवेत, चप्पल नको.

किल्ल्याकडे चढताना सार्वजनिक लिफ्ट वापरा. बाइशातल्या रुआ दोस फांकेइरोस रस्त्यावर एका साध्या इमारतीत पहिली लिफ्ट आहे, वर निघून थोडं चाललं की सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी. दोन्ही फुकट. बराचसा चढ वाचतो. २८ नंबरची ट्राम सुंदर आहे, पण दिवसा उभं राहायला जागा नसते आणि पाकीटमार तिथेच असतात. सकाळी लवकर, मार्तीं मोनिशच्या थांब्यावरून बसा.

पोर्तोत आणि दोउरोत काय करायचं?

साओ बेंतो स्टेशनच्या दालनात जोर्जे कोलासोनं रंगवलेल्या सुमारे २०,००० फरशा आहेत, पाहायला तिकीट नाही. १८८६ चा दों लुईश पूल वरच्या मजल्यावरून चालत ओलांडा आणि पलीकडे गाया नावाच्या शहराच्या काठावर संध्याकाळ घालवा. पोर्ट वाईनची कोठारं तिथेच. पीत नसाल तरी कोठारं पाहण्यासारखी आहेत. लेलो या प्रसिद्ध पुस्तकांच्या दुकानात शिरायला तिकीट लागतं आणि आत इतकी गर्दी असते की पुस्तक उघडता येत नाही. मी ते सोडते.

दोउरोसाठी पोर्तोहून पिन्यांवची गाडी धरा, अडीच तास. जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसा, नदी त्याच बाजूला येते. डोंगरउतारावर द्राक्षांच्या पायऱ्या-पायऱ्या. १७५६ मध्येच या प्रदेशाची हद्द सरकारनं आखून दिली होती. सप्टेंबरमध्ये गेलात तर तोडणी चालू असते.

लिस्बन-पोर्तोच्या वाटेत कोइंब्राला उतरणार असाल तर विद्यापीठातलं जुआनिना ग्रंथालय पाहा. विद्यापीठाची स्थापना १२९० ची, ग्रंथालय अठराव्या शतकातलं. पुस्तकांना लागणारे किडे खायला तिथे वटवाघळं राहतात, आणि रात्री मेजांवर कातडी पांघरूणं घालतात.

फादो ऐकायला कुठे जायचं?

फादो म्हणजे पोर्तुगालचं हुरहूर लावणारं पारंपरिक गाणं. त्यासाठी आल्फामा किंवा मोरारियातली लहान जागा निवडा, जिथे जेवण साधं आणि गाणं मुख्य असेल. दिवे मंद झाले की बोलायचं नाही, चमचाही वाजवायचा नाही. भाषा कळत नाही म्हणून टाळू नका. फादो गायिका अमालिया रॉड्रिग्जचं ध्वनिमुद्रण जाण्यापूर्वी ऐका, मग तिथे बसल्यावर कान आधीच तयार असतात.

रोजचा खर्च आणि पैसे?

उभ्यानं घेतलेली कॉफी एक-दीड युरो, दुपारचं 'प्रातो दो दिया' म्हणजे त्या दिवसाचं ताट साधारण दहा ते चौदा युरो. हॉटेलवर पालिकेचा कर वेगळा द्यावा लागतो: लिस्बनमध्ये माणशी रात्रीला ४ युरो, पोर्तोत ३. पैसे काढताना मशीन 'रुपयांत रक्कम वळवू का' असं विचारेल, तिथे नाही म्हणा आणि युरोतच व्यवहार करा. टिप सक्तीची नाही. बाइशात कुणी हळूच जवळ येऊन अमली पदार्थ विकायला लागला तर न थांबता पुढे चला. अडचण आली तर ११२.

आठवण म्हणून काय आणावं?

बुचाच्या वस्तू. जगातलं जवळजवळ निम्मं बूच पोर्तुगालचं. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी नुसती साल काढतात. माशांचे रंगीत डबे, ऑलिव्ह तेल.

फरशा घ्यायच्या तर नव्या घ्या, कारागिराच्या दुकानातून. मंगळवारी आणि शनिवारी फेइरा दा लाद्रा हा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे सुट्या जुन्या फरशा ढिगानं मिळतात. त्यांतल्या काही लोकांच्या घरांच्या भिंतींवरून चोरून उखडलेल्या असतात. बाजारात फिरा, जुनी पोस्टकार्डं बघा, गोव्याची सापडली तर जरूर घ्या. फरशी मात्र तिथून घेऊ नका.